छोटी कंपनी मोठ्या कंपनीशी हात मिळवते तेव्हा

व्यापाराच्या बातम्यांत एक वाक्य सतत भेटतं: अमुक नव्या कंपनीने तमुक जागतिक कंपनीशी ‘धोरणात्मक भागीदारी’ केली. सोबत हस्तांदोलनाचा फोटो असतो. छोट्या कंपनीचा भाव वधारतो, तिथल्या माणसांना वाटतं, आता आपण मार्गी लागलो. मग कधी दोन-तीन वर्षांनी आतल्या पानावर चार ओळी येतात, की ती कंपनी दिवाळखोरीत निघाली किंवा पडत्या भावात विकली गेली. आणि कधी अगदी उलट होतं. छोटी कंपनी त्याच भागीदारीच्या जोरावर मोठीच्याही पुढे निघून जाते.

हे दोन शेवट इतके वेगळे का? नशिबाचा वाटा असतोच. पण गाजलेले करार एकापुढे एक ठेवून वाचले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. छोट्या कंपनीने सही करताना स्वतःकडे काय राखून ठेवलं, यावर तिचं पुढचं बरंच काही ठरलेलं असतं. मिळालेल्या रकमेचे आकडे बातमीत मोठ्या अक्षरांत येतात. राखून ठेवलेल्या हक्कांची बातमी कुणी करत नाही. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

भागीदारी आणि नुसती ऑर्डर

मोठ्या कंपनीने माल मागवला, तुम्ही दिला, पैसे आले. ही झाली खरेदी-विक्री. उद्या तिने दुसऱ्याकडून घेतला तर तुमचं एक गिऱ्हाईक गेलं. धोरणात्मक भागीदारीत दोघांची पुढची वाट एकमेकांत गुंतते. मोठीचं नवं उत्पादन तुमच्या तंत्रावर उभं राहतं, किंवा तुमचं उत्पादन तिच्या विक्रीच्या जाळ्यातून दूरवर पोहोचतं. दोघंही खर्च आधी करतात. फळ नंतर मिळतं, आणि मिळेलच याची खात्री नसते.

मोठीकडे कारखाने, परवाने, वितरक, नाव आणि रोकड असते. छोटीकडे वेग असतो, आणि अशी एखादी गोष्ट असते जी मोठीला स्वतः उभी करायला कित्येक वर्षं लागली असती. म्हणजे गरज दोघांनाही असते. फक्त ती सारखी नसते.

ट्रक आणि सायकल एका दोरीने बांधली आहेत असं समजा. ट्रकचालकाने जरा ब्रेक दाबला, जरा वळण घेतलं, तर त्याच्या लेखी विशेष काही घडलेलं नसतं. सायकलवाला मात्र रस्त्यावर आडवा झालेला असतो. ट्रकचालक दुष्ट नव्हता, त्याला आरशात सायकल दिसलीच नाही. मोठ्या कंपन्यांकडून छोट्यांचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं अशा न दिसण्यातून होतं असं माझं मत आहे. म्हणूनच ‘तिथली माणसं फार चांगली आहेत’ हा दिलासा पुरत नाही. चांगला चालकही ब्रेक दाबतोच. दोरी किती लांब आहे, ती सोडायची कशी, आणि आपली सायकल आपल्या पायांनी चालते ना, हे निघण्याआधी बघावं लागतं.

1980 सालचा एक करार

1980 साली आयबीएममध्ये तीन लाखांहून जास्त माणसं कामाला होती, मायक्रोसॉफ्टमध्ये 40 च्या आसपास. आयबीएमला आपला वैयक्तिक संगणक घाईने बाजारात आणायचा होता आणि त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, हवं होतं. मायक्रोसॉफ्टकडे ती तयार नव्हती. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या आणखी एका लहान कंपनीने एक सिस्टिम बनवली होती. मायक्रोसॉफ्टने ती आधी परवान्यावर घेतली, जुलै 1981 मध्ये 50 हजार डॉलर देऊन तिचे हक्क विकत घेतले आणि सुधारून आयबीएमला दिली. ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पीसी आला.

आयबीएमकडून त्या वेळी मिळालेली रक्कम फार मोठी नव्हती. मोठी होती ती करारातली एक मुभा: हीच सिस्टिम इतर संगणक कंपन्यांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. आयबीएमला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तिच्या हिशेबात पैसा यंत्रात होता. 1982 च्या अखेरीस कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीशी जुळणारा संगणक जाहीर केला, मागोमाग इतर आले, आणि त्या सगळ्यांना तीच सिस्टिम लागत होती. आयबीएमने बाजारपेठ उभी केली आणि त्या बाजारपेठेचं दार मायक्रोसॉफ्टसाठी उघडं राहिलं.

या कथेतला तिसरा भिडू सहसा विसरला जातो. सिएटलच्या त्या कंपनीला सौदा करताना मायक्रोसॉफ्टच्या मागे आयबीएम उभी आहे हे ठाऊकच नव्हतं. पुढे हक्कांवरून प्रकरण कोर्टात गेलं आणि 1986 मध्ये तडजोड होऊन तिला सुमारे 9 लाख 25 हजार डॉलर मिळाले. एरवी ही रक्कम चांगलीच म्हटली असती. पण आपली वस्तू शेवटी कुणाच्या हाती जाणार आणि तिथे तिची निकड किती आहे, हे न कळता ठरवलेल्या किमतीचं काय होतं, ते इथे दिसतं.

मोठी कंपनी म्हणजे एक माणूस नव्हे

छोट्या कंपनीत निर्णय घेणारी माणसं एकाच टेबलाभोवती मावतात. त्यामुळे मोठ्या कंपनीबद्दलही आपण नकळत तसंच बोलतो: ‘त्यांना आवडलं’, ‘ते हो म्हणाले’. हे ‘ते’ नेमके कोण?

तंत्रज्ञांना तुमचं काम मनापासून आवडलेलं असतं. खरेदी विभागाचं मोजमाप होतं ते दर किती खाली आणला यावर. कायदा विभागाची नेमणूकच धोका टाळण्यासाठी असते. वित्त विभागाला पैसे जितके उशिरा जातील तितकं बरं. या प्रत्येकाचं वागणं आपापल्या जागी रास्त आहे, पण सगळ्यांचं मिळून तुमच्याशी जे वागणं होतं ते कुणीच ठरवलेलं नसतं. अशा ठिकाणी ‘हो’ म्हणायला दहा सह्या लागतात, ‘नाही’ म्हणायला एक माणूस पुरतो.

बहुतेक भागीदाऱ्या मोठ्या कंपनीतल्या एका उत्साही व्यक्तीच्या बळावर उभ्या राहतात. ती आपली बाजू मांडते, फाइल पुढे सरकवते, अडलेली बैठक घडवून आणते. मग एक दिवस तिची बढती होते किंवा विभागाची फेररचना होते. नव्या साहेबांच्या यादीत तुमचा प्रकल्प ‘आधीच्यांनी सुरू केलेलं काम’ या रकान्यात पडतो. भागीदारी मोडल्याचं कुणी सांगत नाही, फक्त मेलची उत्तरं यायची थांबतात.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत आणि तेच लागू पडतात. तिथे निदान तीन वेगवेगळ्या विभागांत ओळख हवी, आणि त्यातली एक पैशाच्या निर्णयाजवळची हवी. प्रत्येक बैठकीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवायचं, म्हणजे माणसं बदलली तरी कागद राहतो. दोन्हीकडच्या वरिष्ठांची ठरावीक मुदतीने होणारी बैठक करारातच लिहून घ्यायची. खालच्या पातळीवर मतभेद झाला तर किती दिवसांत तो वर न्यायचा आणि कुणाकडे, हेही. असं लिहिलेलं नसेल तर छोट्या कंपनीला दरवेळी तक्रारखोर ठरावं लागतं.

‘पायलट’ हा शब्द इथे नक्की ऐकू येतो. पायलट म्हणजे मर्यादित प्रमाणावरची चाचणी. मोठी कंपनी म्हणते, आधी छोट्या पायलटने सुरुवात करू, तूर्त फुकट. छोटी कंपनी आनंदाने आपली उत्तम माणसं त्यात घालते. वर्षभर चाचणी चालते, अहवाल छान येतो, आणि दुसऱ्या विभागाची दुसरी चाचणी सुरू होते. यातून सुटायचं तर सुरू करण्याआधी यश कशाने मोजायचं, चाचणी कुठल्या तारखेला संपणार आणि यशस्वी झाली तर पुढची ऑर्डर केवढी व कुठल्या दराने, हे लिहून घ्यावं. आणि पैसे मागावेत, थोडे का होईनात. पैसे मोजले की त्या खर्चाची नोंद कुणाच्या तरी बजेटात होते, आणि ज्याच्या बजेटात नोंद असते त्याला वर्षाअखेरीस उत्तर द्यावं लागतं.

विहीर कुणाची, पाणी कुणाचं?

दोघांनी मिळून विहीर खणायचं ठरवलं. जमीन एकाची, खणण्याचं कसब दुसऱ्याचं. पाणी लागेपर्यंत दोघं गुण्यागोविंदाने राबतात. पाणी लागलं की प्रश्न सुरू होतात. पाणी कुणाचं? शेजाऱ्याला द्यायचं तर कुणाला विचारायचं? आणि खणता खणता कातळ फोडायची जी नवी युक्ती हाती लागली, ती वापरून खणणाऱ्याने दुसऱ्याची विहीर खणली तर चालेल का?

बौद्धिक संपदा, म्हणजे शोध, आराखडे, सॉफ्टवेअर, नाव अशा गोष्टींवरची मालकी, हा विषय कायद्याच्या भाषेत अवघड दिसतो, पण प्रश्न हेच असतात. मूळ तंत्र तुमचं, त्यावर तुमचीच मालकी, याला मोठ्या कंपन्याही सहसा हरकत घेत नाहीत. भांडण लागतं ते एकत्र काम करताना जन्मलेल्या गोष्टींवरून आणि वापरातून गोळा झालेल्या माहितीवरून. तिथे ‘संयुक्त मालकी’ हा तोडगा न्याय्य वाटतो, पण तो फसवा आहे. अमेरिकेत पेटंटचा सहमालक दुसऱ्या सहमालकाला न विचारता ते वापरू शकतो आणि इतरांना परवान्यानेही देऊ शकतो. ब्रिटनसारख्या देशांत परवाना देण्यासाठी दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे एकाच शब्दाचा अर्थ सीमा ओलांडली की बदलतो. त्यापेक्षा मालकी एकाची आणि दुसऱ्याला त्याच्या क्षेत्रापुरता भरभक्कम वापराचा हक्क, ही मांडणी बरी.

विहिरीच्या गोष्टीत खणण्याची युक्ती हीच खरी कमाई असते. जेनेनटेक या कंपनीला ते फार लवकर कळलं होतं. 1976 साली सुरू झालेली ही कंपनी. 1978 मध्ये तिच्या आणि सिटी ऑफ होप या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. पण औषधाच्या चाचण्या, परवाने, मोठं उत्पादन, वितरण, यातलं काहीच तिच्या आवाक्यात नव्हतं. तिने एली लिली या बलाढ्य औषध कंपनीशी करार केला. इन्सुलिन बनवायचं आणि विकायचं लिलीने, जेनेनटेकला विक्रीवर रॉयल्टी. 1982 मध्ये त्या इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. करार इन्सुलिनचा होता. जीवाणूंकडून प्रथिनं बनवून घेण्याची विद्या जेनेनटेककडेच राहिली. त्या विद्येवर तिने मानवी वाढीचं संप्रेरक तयार केलं, आणि 1985 मध्ये मंजुरी मिळाल्यावर ते स्वतःच्या नावाने, स्वतः विकलं. एक फळ दिलं, झाड परसातच राहिलं.

उलट उदाहरण स्पायग्लासचं. या छोट्या कंपनीकडे वेब ब्राउझरचं तंत्र होतं. 1990 च्या दशकाच्या मध्यावर मायक्रोसॉफ्टने तिच्याकडून परवाना घेतला, त्यावर इंटरनेट एक्सप्लोरर उभा राहिला. मोबदल्याचा एक भाग होता ब्राउझरच्या विक्रीतला हिस्सा. मायक्रोसॉफ्टने ब्राउझर विंडोजबरोबर फुकट दिला. शून्याचा कितीही टक्के हिस्सा घेतला तरी शून्यच. वाद झाला आणि 1997 मध्ये 80 लाख डॉलरवर मिटला. पंधरा वर्षांपूर्वी जी मायक्रोसॉफ्ट आयबीएमसमोर छोटी होती, तीच आता टेबलाच्या पलीकडे बसलेली होती. टक्केवारीत मोबदला घेताना खाली एक किमान रक्कम बांधून घ्यायची असते, ती यासाठी.

‘फक्त आमच्याशीच’ ही अट

मोठ्या कंपनीला वाटतं, आपण एवढं बळ लावणार तर या छोट्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये. ही मागणी अवास्तव नाही. पण ती सरसकट मान्य केली की दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायची वेळ येते. ओंजळ सरकली की तहान.

सरसकट ‘हो’ आणि सरसकट ‘नाही’ यांच्या मध्ये भरपूर जागा आहे. अट एका उत्पादनापुरती ठेवता येते, काही देशांपुरती ठेवता येते, अठरा महिन्यांपुरती ठेवता येते. सगळ्यांत परिणामकारक जोड म्हणजे किमान खरेदी: एवढा माल दरवर्षी घेतलात तर एकनिष्ठता, नाही घेतलात तर ती आपोआप संपली. ज्याला खरंच गरज आहे तो हे मान्य करतो. ज्याला फक्त तुम्हाला कपाटात बंद करून ठेवायचं आहे तो कुरकुर करतो, आणि ती कुरकुर हीच मोलाची माहिती असते.

बायोएनटेकने हे कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. 2008 मध्ये जर्मनीतल्या माइन्त्समध्ये सुरू झालेल्या या कंपनीने 2018 पासून फायझर या बड्या औषध कंपनीबरोबर फ्लूच्या लशीवर काम केलेलं होतं. मार्च 2020 मध्ये कोविडची लस एकत्र करायचं ठरलं तेव्हा माणसं आणि कामाची पद्धत एकमेकांना माहीत होती. विकासाचा खर्च सुरुवातीला फायझरने उचलायचा आणि बायोएनटेकने आपला निम्मा वाटा लस विकली जाऊ लागल्यावर फेडायचा, असं ठरलं. छोट्या कंपनीसाठी ही सोन्यासारखी अट. चीन मात्र या सौद्याबाहेर होता, कारण तिथल्यासाठी फोसुन या चिनी कंपनीशी बायोएनटेकचा वेगळा करार झाला होता. जर्मनी आणि तुर्कस्तानातली विक्री तिने स्वतःकडे ठेवली. युरोपातल्या परवान्यावर नावही तिचंच. सप्टेंबर 2020 मध्ये तिने मारबुर्ग इथला नोव्हार्टिसचा कारखाना विकत घेण्याचा करार केला, म्हणजे उत्पादनासाठीही ती पूर्णपणे परावलंबी राहिली नाही. लोक ती लस फायझरची म्हणून ओळखतात. हिशेबाच्या वहीत नफा निम्मा-निम्मा होता.

ही अट पुढे सैल करता येते का? येते, पण वजन वाढल्यावर. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये एक अब्ज डॉलर घातले आणि मायक्रोसॉफ्ट ओपनएआयची एकमेव क्लाउड पुरवठादार झाली, म्हणजे इंटरनेटवरून संगणकांची ताकद भाड्याने देणारी. जानेवारी 2025 मध्ये हे बंधन ‘आधी आम्हाला विचारा, आम्ही नाही म्हणालो तर दुसरीकडे जा’ इतपत सैल झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेही गेलं. दरम्यान ओपनएआय जगातल्या सर्वांत चर्चेतल्या कंपन्यांपैकी एक झाली होती. प्रत्येक छोट्या कंपनीच्या वाट्याला हे येत नाही, म्हणून सैल होण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली बरी.

जाता जाता: ‘आधी आम्हाला विचारा’ ही अट कंपनीच्या विक्रीबाबतही घातली जाते. मोठी कंपनी थोडी गुंतवणूक करते आणि कंपनी कधी विकायची झालीच तर पहिला हक्क मागते. निरुपद्रवी वाटतं. पण मग दुसरा गिऱ्हाईक किंमत ठरवण्यात वेळच घालवत नाही, कारण शेवटी घेणारा आधीच ठरलाय असं त्याला दिसतं.

ऑर्डर मोठी, गल्ला रिकामा

नफ्यात असलेली कंपनी पैशाअभावी बंद पडू शकते, हे अनेकांना पटत नाही. म्हणून एक हिशेब करू. महिन्याला 100 रुपयांचा माल द्यायचा आहे, तो बनवायला 80 लागतात. नफा 20, उत्तम. माल महिनाअखेरीस जातो आणि बिलाचे पैसे 90 दिवसांनी येतात. म्हणजे पहिले 100 हाती पडतात ते चौथा महिना संपताना. तोवर चार महिन्यांचा खर्च, 320 रुपये, खिशातून गेलेला असतो. महिन्याला 20 या दराने 320 भरून यायला 16 महिने लागतात.

आता मोठी कंपनी खूश होऊन म्हणते, ऑर्डर दुप्पट करू. फोटो निघतो, पेढे वाटले जातात, आणि अडकणारी रक्कम 640 होते. यश जितकं मोठं तितका खड्डा खोल.

यामुळे दरात पाच टक्के वाढवून मिळवण्यासाठी भांडण्यापेक्षा 90 दिवसांचे 30 करून मिळवणं कितीतरी वेळा जास्त मोलाचं ठरतं. निदान कच्च्या मालापुरती आगाऊ रक्कम, किंवा कामाच्या टप्प्यागणिक पैसे. ते न जमल्यास बिल बँकेकडे वटवून घेता येतं, आणि मोठ्या कंपनीचं नाव बिलावर असल्याने त्याला दरही बरा मिळतो. मात्र तो खर्च किंमत सांगण्याआधी धरायचा असतो.

आगाऊ रक्कमही धोकादायक असू शकते

जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज ही अमेरिकन कंपनी नीलमणी, म्हणजे सफायर, बनवण्याच्या भट्ट्या विकत असे. 2013 च्या ऑक्टोबरअखेर तिने ॲपलशी करार केला. ॲपलने तिला 57 कोटी 80 लाख डॉलर आगाऊ द्यायचे, टप्प्याटप्प्याने. जीटीने ॲरिझोनातल्या मेसा इथल्या कारखान्यात ॲपलसाठी सफायर बनवायचं आणि ती रक्कम पुढच्या काही वर्षांत फेडायची. बाजारात जल्लोष झाला.

दोन गोष्टी नीट पाहा. एक, भट्ट्या विकणारी कंपनी आता स्वतः स्फटिक पिकवणारी झाली. भट्टी बिघडली तर आधी नुकसान गिऱ्हाइकाचं होतं, आता तिचंच. दोन, करारानुसार ॲपलवर ठरावीक माल घेण्याचं बंधन नव्हतं, पण जीटीवर हव्या त्या प्रमाणात माल पुरवण्याची तयारी ठेवण्याचं बंधन होतं. स्फटिकांचा दर्जा हवा तसा जमेना. शेवटचा 13 कोटी 90 लाखांचा हप्ता आला नाही. करारानंतर वर्षही उलटलं नव्हतं, 6 ऑक्टोबर 2014 ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. करारात काय काय मान्य केलं होतं हे जगाला तेव्हा कोर्टाच्या कागदांतून कळलं.

ॲपलनेही यात मोठी रक्कम घातली होती आणि तिलाही सफायर मिळालं नाही. म्हणून खलनायक शोधण्यात मला रस नाही. पण आगाऊ रकमेला कर्ज म्हणावं की मागणीची हमी, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा होता. परत करायची असेल आणि समोरचा माल घ्यायला बांधील नसेल, तर ते कर्ज आहे, मग त्यावर नाव काहीही असो.

करार तेच लिहितात, आपलं कोण ऐकतो?

हा आक्षेप खरा आहे, पण अर्धा. छापील मसुदा कायदा विभागाकडून येतो आणि त्यात सगळंच त्यांच्या बाजूने असतं, कारण समोरून काहीतरी मागणी येणार हे त्यांनी धरलेलंच असतं. चाळीस कलमांवर हरकत घेतली तर कुणी वाचणार नाही. तीन कलमांवर घेतली, कारणासह आणि पर्यायी वाक्यासह, तर ती वाचली जाते.

माझ्या मते ती तीन बहुतेक वेळा हीच असावीत: स्वतःचं मूळ तंत्र इतरांसाठी वापरण्याची मुभा, नुकसानभरपाईला वरची मर्यादा, आणि करार संपवायची रीत. दुसरीबद्दल लोक गाफील राहतात. मर्यादाच नसेल तर एका चुकीत कंपनी जाते. मिळणाऱ्या वर्षभराच्या रकमेइतकी मर्यादा मागणं हे रूढ आहे, त्यात संकोच नको.

आणि भीती फक्त छोट्यालाच असते असंही नाही. ही लहान कंपनी उद्या बुडाली तर आपलं काय, या काळजीने मोठ्यांची झोप उडते. आयबीएमने पीसीसाठी इंटेलचा प्रोसेसर निवडला, पण तोच प्रोसेसर बनवणारा दुसराही कुणी हवा असा तिचा आग्रह होता. त्यातून 1982 मध्ये इंटेलने एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीला परवाना दिला. ही भीती ओळखून आपणच आधी तोडगा सुचवता येतो. सॉफ्टवेअरचा मूळ कोड तटस्थ तिसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवायचा, आणि आपली कंपनी बंद पडली तरच तो त्यांना मिळेल असं लिहायचं. ज्याची मोठी काळजी अशी मिटवली, तो तुमची एखादी मागणी मान्य करतो.

ते आपली कल्पना चोरतील का?

उघड चोरी कमी होते. जास्त वेळा घडतं ते असं: त्यांच्याच दुसऱ्या विभागात तसंच काहीतरी आधीपासून चालू असतं, किंवा तुमचं सादरीकरण पाहिलेला माणूस सहा महिन्यांनी त्या विभागात जातो. गोपनीयतेचा करार असतोच, पण त्यात कधी कधी एक वाक्य दडलेलं असतं: माणसांच्या स्मरणात राहिलेल्या माहितीवर बंधन नाही. ते वाक्य शोधा. काढून टाकता आलं तर उत्तमच, नाहीतर निदान पेटंट आणि मूळ कोड त्यातून वगळून घ्या.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे टप्प्याने उघडणं. पहिल्या भेटीत ‘काय होतं’ ते दाखवावं, ‘कसं होतं’ ते नाही. कसं होतं ते करारानंतर, आणि तेही लागेल तेवढंच.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर जगणं वाईटच का?

सुरुवातीला ते जवळपास अटळ असतं, आणि त्यात कमीपणा नाही. मोठ्या कंपनीच्या कठोर चाचण्या पार केल्याने उत्पादन सुधारतं, इतर दारं उघडतात. प्रश्न आहे त्या अवस्थेत किती वर्षं राहायचं.

इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही ब्रिटिश कंपनी आयफोनमधल्या ग्राफिक्सचं तंत्र ॲपलला परवान्यावर देत असे. उत्पन्नातला सुमारे निम्मा वाटा ॲपलकडून येत होता. एप्रिल 2017 मध्ये कंपनीने जाहीर केलं, की येत्या 15 ते 24 महिन्यांत ॲपल आपलं तंत्र वापरणं थांबवणार आहे. एका दिवसात शेअरचा भाव 60 टक्क्यांहून जास्त कोसळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी 55 कोटी पौंडांना विकण्याचं ठरलं. नवे मालक आले, आणि जानेवारी 2020 मध्ये ॲपलशी पुन्हा परवान्याचा करारही झाला. म्हणजे तंत्राला किंमत होतीच. ती वसूल करायला थांबण्याइतकी ताकद मधल्या काळात आधीच्या मालकांकडे उरली नव्हती.

डायलॉग सेमीकंडक्टर याच नावेत होती, किंबहुना जास्त खोल पाण्यात. विजेचं नियमन करणाऱ्या तिच्या चिपसाठी ॲपल हे इतकं मोठं गिऱ्हाईक होतं, की 2017 मध्ये सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न तिथूनच येत होतं. ॲपल त्या चिप स्वतः बनवणार अशी कुणकुण लागल्यावर तिचाही शेअर आपटला. पण डायलॉगने दुसरीकडे हातपाय मारायला आधीच सुरुवात केलेली होती. ॲटमेल ही चिप कंपनी विकत घ्यायचा 2015 मध्ये सुरू केलेला तिचा प्रयत्न फसला होता, 2017 मध्ये सिलेगो ही दुसरी चिप कंपनी हाती आली. आणि ॲपलशी भांडत बसण्याऐवजी तिने जाण्याची किंमत ठरवली. ऑक्टोबर 2018 मध्ये सौदा झाला: ॲपलने 30 कोटी डॉलर देऊन तंत्राचा परवाना आणि 300 हून अधिक अभियंते घ्यायचे, आणि पुढच्या तीन वर्षांच्या मालासाठी आणखी 30 कोटी आगाऊ द्यायचे. ॲपलला त्या अभियंत्यांची गरज होती आणि डायलॉगला उसंतीची. त्या उसंतीत तिने उत्पन्नाचे इतर झरे वाढवले, आणि 2021 मध्ये जपानच्या रेनेसास या चिप कंपनीने तिच्यासाठी सुमारे 4.9 अब्ज युरो मोजले.